फ्लॅट विकायच्या आधी किचन तोडायला निघालेल्यांसाठी

मावशी-काकांचा पुण्यातला कर्वेनगरचा फ्लॅट विकायचं ठरलं आणि घरातला प्रत्येक जण एकदम इंटिरियरवाला झाला. मामेभाऊ म्हणतो मॉड्युलर किचन करा, पाच लाख जास्त येतील. मावशीची नणंद म्हणते हॉलला फॉल्स सीलिंग हवंच, आजकाल सगळे करतात. एजंट म्हणतो फक्त रंग मारा बाकी मी बघतो, आणि काका म्हणतात एक रुपया लावायचा नाही, ज्याला घ्यायचंय तो आहे तसं घेईल. चौघंही थोडे थोडे बरोबर आहेत, म्हणून तर भांडण मिटत नाही.

मी या सगळ्यात मध्ये पडले कारण कोटेशन मागवणं, माणसं बोलावणं, एजंटशी बोलणं हे माझ्याकडे आलं, आणि त्या निमित्ताने ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी जुने फ्लॅट विकलेत त्यांनाही विचारून घेतलं. माझं मत असं झालंय की विकायच्या घराला देखणेपणाचे पैसे फारसे मिळत नाहीत, शंका न येण्याचे मिळतात. का ते सांगते, जरा हिशोब आहे.

समजा फ्लॅट ८० लाखाला जातोय. घेणारा बहुतेक लोनवाला असणार. ३० लाखाच्या वर ७५ लाखापर्यंतच्या गृहकर्जात बँकेला जास्तीत जास्त ८० टक्केच देता येतात, म्हणजे ६४ लाख बँकेचे, १६ लाख त्याचे स्वतःचे. वर पुण्यात स्टॅम्प ड्युटी मेट्रो सेस धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार (बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी), रजिस्ट्रेशनचे ३० हजार, एजंट, वकील, सामान हलवणं. म्हणजे तो माणूस २२-२३ लाख रोख काढूनच तुमच्यासमोर बसलेला असतो, त्यात बऱ्याचदा आईवडिलांची एफडी मोडलेली असते. आता तुम्ही म्हणता किचन नवं आहे म्हणून ८३ द्या. बँक काय करते, आपला व्हॅल्युअर पाठवते, तो एरिया बघतो, मजला, बिल्डिंगचं वय, मंजूर नकाशा, आसपासचे भाव बघतो, आणि करारातली किंमत आणि त्याचं व्हॅल्युएशन यातला जो आकडा कमी त्यावर लोन बसतं. तुमच्या सॉफ्ट क्लोज ट्रॉल्यांना तो विचारत नाही. म्हणजे ते वरचे ३ लाख त्या बिचाऱ्याला खिशातून काढायचेत, जो खिसा ऑलरेडी रिकामा झालाय. म्हणून तो घासाघीस करतो, आणि तुम्हाला वाटतं लोकांना क्वालिटीची किंमत नाही.

पण हाच माणूस, खिसा रिकामा असल्यामुळेच, असं घर शोधत असतो ज्यात आल्या आल्या तोडफोड करावी लागणार नाही. त्यामुळे काकांचं "आहे तसं घेईल" पण चालत नाही. मधला रस्ता काढायचा.

सगळ्यात आधी ओल. जुन्या पुण्यातल्या नव्वदच्या दशकातल्या फ्लॅटला ओल नाही असं फार कमी वेळा होतं, आणि घरच्यांना ती दिसत नाही कारण डोळे सरावलेले असतात. मावशीकडे बाथरूमच्या मागची बेडरूमची भिंत, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पोपडे, आणि पुढे कपाट लावून ठेवलेलं. एक कुटुंब बघायला आलं, मुलगा-सून हॉलमध्ये फोटो काढतायत, आणि मुलाचे वडील, हे असे वडील प्रत्येक पार्टीबरोबर येतातच, ते सरळ आत गेले, कपाट जरा सरकवता येईल का म्हणाले, आणि बोटाच्या पेरांनी भिंत खालपासून वर वाजवत गेले. खाली ढब ढब, वर टण टण. मावशी म्हणाली, "अहो ते दर पावसाळ्यात तेवढंच येतं, त्याच्यावर कधी गेलं नाही." ते गृहस्थ हसले फक्त. मग एजंटकडून निरोप आला, बाकी सगळं आवडलंय पण दोन लाख कमी करा, प्लंबिंगचं काम दिसतंय. काम निघालं पस्तीस-चाळीस हजाराचं. पण ज्याला आत काय आहे माहीत नाही तो दोन लाख धरणारच ना, मीही धरले असते.

ओलीचं मूळ शोधायची साधी पद्धत आमच्या प्लंबरने सांगितली, कोणालाही करता येईल. ते बाथरूम चार-पाच दिवस वापरायचं बंद करायचं, पण नळाची लाइन चालू ठेवायची. भिंत सुकायला लागली तर पाणी जमिनीतून, नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीच्या) भोवतीने किंवा टाइलच्या सांध्यातून जातंय. काहीच फरक नाही पडला तर भिंतीतला पाइप गळतोय. मग खात्री करायला ट्रॅपला फडकं कोंबून जमिनीवर बोटभर पाणी साठवायचं, लेव्हलला पेन्सिलने खूण करायची, आणि दिवसभर तसंच ठेवून खालच्यांच्या छतावर डाग येतो का बघायचं (खालच्यांना आधी सांगा, चहा पाजा, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा उद्धार होईल). सांध्यांचाच प्रॉब्लेम असेल तर जुनं व्हाइट सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून बऱ्याच वेळा भागतं, अख्खं बाथरूम फोडायची गरज नसते. फोडावंच लागलं तर मात्र त्याच कामात भिंतीतले जुने जीआय (लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) टाकून घ्या, कारण ते जीआय आतून गंजून निम्मे बुजलेले असतात आणि शॉवरला प्रेशर का नाही हे कोडं पण तिथेच सुटतं.

आणि कृपा करून ओल्या भिंतीवर रंग मारू नका. मारणारे खूप आहेत, ऑगस्टमध्ये पुट्टी लावून सप्टेंबरमध्ये पार्टी बोलावतात. सुटलेला प्लास्टर पूर्ण काढून, नवा करून, नीट वाळू देऊन मगच पुट्टी, प्रायमर, रंग. नाहीतर टोकन आणि रजिस्ट्रेशनच्या मधल्या दीड-दोन महिन्यात तो पोपडा परत वर येतो आणि मग समोरच्याला वाटतं तुम्ही लपवलं, तेव्हा नुसती किंमत नाही, अख्खा सौदा जातो.

गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर तो खर्च तुमचा नाही. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या कॉमन पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, तुमच्या संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी तुम्ही. सोसायटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या. सोसायटीने काम कधी करायचं ते करेल, पण येणाऱ्याला ते पत्र दाखवता येतं, की बाबा हे माहीत आहे आणि कोणाकडे आहे तेही माहीत आहे. त्याचा फार फरक पडतो.

आता किचन. मावशीकडे ग्रॅनाइटचा ओटा, खाली स्टीलच्या ट्रॉल्या, दोन ट्रॉल्या रुळावरून उतरलेल्या, एक नळ टपकणारा, एक्झॉस्ट फॅनच्या भोकाभोवती तेलकट काळा गोल. मॉड्युलरचं कोटेशन तीन लाखाच्या पुढे. आम्ही काय केलं तर ट्रॉल्यांची चाकं आणि चॅनल बदलले, नळ बदलला, सिंकच्या खालचा कुजलेला प्लायचा तुकडा नवा टाकला, टाइल चांगलं डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं लिक्विड) मारून घासून घेतल्या, आणि मिक्सर-मायक्रोवेव्हसाठी १६ अँपिअरचे दोन पॉइंट वाढवले. झालं. तरुण जोडपी आली की सून सगळ्यात आधी प्लग पॉइंट मोजते हे मी स्वतः बघितलंय, एअर फ्रायर कुठे लावू, वॉटर प्युरिफायर कुठे. शटरचा रंग तिला आपल्या आवडीचा करायचाच असतो, तुमची चॉइस तिच्या गळ्यात कशाला.

वायरिंगचा मुद्दा निघालाच तर, जुन्या पोर्सिलेनच्या फ्यूजचा बोर्ड असेल तर तो काढून एमसीबी आणि ईएलसीबी (लोड जास्त झाला किंवा करंट गळला की आपोआप बंद होणारे स्विच) बसवून घ्या. मोठा खर्च नाही, आणि दाराजवळचा तो काळपट लाकडी बोर्ड गेला की घर दहा वर्षांनी लहान वाटतं. महावितरणचा सँक्शन लोड (मंजूर वीजभार) पण बिलावर बघून ठेवा, एसी लावता येईल का हे हमखास विचारतात, उन्हाळा आता पुण्यात पहिल्यासारखा राहिलेला नाही.

फरशीवरून मात्र आमच्याकडे खरंच वाद झाला. मोझॅक आहे, पांढऱ्या-हिरव्या चिप्सची, आणि सगळ्यांचं म्हणणं त्याच्यावर व्हिट्रिफाइड टाकून द्या. आता टाइलवर टाइल टाकली की जमीन अर्धा-पाऊण इंच तरी वर येते. मग सगळी दारं खालून तासा, बाथरूमचा उंबरठा खाली जातो, बाल्कनीचं पाणी हॉलमध्ये यायची भीती, बेसबोर्डचं, म्हणजे स्कर्टिंगचं काम वेगळं, आणि एवढं करून समोरचा म्हणणार मला वुडन फिनिश हवं होतं. आम्ही मशीन पॉलिश करून घेतलं. दोन-तीन दिवस घरभर राखाडी राडा असतो, पडदे काढून ठेवा, ड्रेनेजमध्ये ती स्लरी अजिबात जाऊ देऊ नका नाहीतर लाइन चोकअप होते. पण नंतर जी फरशी निघाली ती बघून काकाच म्हणाले, "अगं ही आपलीच का?" तीस वर्षं फिनेल आणि मेणाचे थर बसले होते तिच्यावर.

रंग पांढरट. ऑफ व्हाइट, आयव्हरी, जे म्हणाल ते, पण एकच, सगळ्या खोल्यांत. पेंटर तुम्हाला एक भिंत टेक्स्चर करू म्हणणारच, नाही म्हणा. महागडं लस्टर नको, साधं इमल्शन चांगलं, आणि पैसे वाचवायचेच असतील तर रंगाच्या कंपनीत वाचवा, पुट्टीत नको. दारं-खिडक्यांच्या ग्रिलला ऑइल पेंटचा एक हात, मुख्य दाराला पॉलिश, कडी-कोयंडा चकचकीत, बेल वाजणारी. बेल बंद असलेलं घर मी विकायला काढलेलं बघितलंय, लोक दार बडवून आत येतात आणि मूड तिथेच जातो.

उजेड आणि हवा याला काही लागत नाही आणि हेच कोणी करत नाही. बाल्कनीत ठेवलेली जुनी कुंड्यांची पोती, सायकल, कूलर काढला, खिडकीवर लावलेली काळी फिल्म काढली, माळ्यावरचं सामान (लग्नातले पातेले, वीस वर्षांची वर्तमानपत्रं, कोणाचा तरी पाळणा) काढून टाकलं तर तीच खोली मोठी दिसते. मावशीला त्या पाळण्याचं वाईट वाटलं, तो आता माझ्याकडे आहे, काय करायचं माहीत नाही. खिडक्यांना डासांची जाळी आणि बाल्कनीला कबुतरांची जाळी, या दोन गोष्टी नदीच्या बाजूच्या एरियात तर आवर्जून बसवा. कबुतरांची विष्ठा पडलेला डक्ट ज्या खिडकीतून दिसतो ती खिडकी कोणी उघडली की संपलं.

आता टेरेस. पुण्यात टेरेस फ्लॅट घेऊन वरून पत्रा आणि अ‍ॅल्युमिनियम सेक्शन टाकून एक खोली वाढवायची ही आपली जुनी सवय, आणि विकताना लोक सांगतात अडीच बीएचके. मंजूर नकाशात ती खोली नसते. बँकेचा माणूस नकाशा घेऊन येतो, त्या खोलीची किंमत तर धरत नाहीच, पण काही वेळा शेरा मारतो आणि लोनच अडकतं. विकायच्या आधी भाव वाढावा म्हणून टेरेस कव्हर करणं, बाल्कनी तोडून हॉलमध्ये घेणं, वास्तूसाठी दार हलवणं, यापैकी काहीही करू नका. उलट पत्रा असेल आणि काढता येत असेल तर काढून टाका, उघडा टेरेस पुण्यात आजही लोकांना आवडतो, संध्याकाळचा वारा फुकट आहे.

एक गोष्ट आमच्याही हातात नव्हती, ती म्हणजे लिफ्ट. पार्किंग अधिक तीन मजल्यांची बिल्डिंग, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आत सोन्याच्या टाइल लावल्या तरी ज्यांच्याबरोबर आजी-आजोबा आहेत ते जिन्यातूनच परत जातात. त्यामुळे एजंटला सांगून ठेवलं की आधी लिफ्ट नाही हे सांगून मगच माणसं आणा. फेऱ्या कमी झाल्या, बोलणी जास्त झाली.

आणि तुमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू असेल तर वरचं बरंचसं विसरा. कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर, सहकारनगर, जिकडे बघाल तिकडे जुन्या बिल्डिंगी पाडून नव्या चालल्यात. तिथे घेणारा माणूस तुमची फरशी विकत घेत नाही, पुढे नव्या बिल्डिंगमध्ये मिळणारा वाढीव कार्पेट एरिया घेतो. ओल थांबवा, साफसफाई करा, बास. पैसे घालायचेच तर कागदात घाला. सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे की अजून बिल्डरच्याच, बिल्डर करून देत नसेल तर सरकारकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज केलाय का, हे तुमच्या किचनपेक्षा कितीतरी जास्त भाव हलवतं.

कागद हे मी होम इम्प्रूव्हमेंटमध्येच धरते, कोणी हसलं तरी. मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), आधीच्या मालकांपासूनची साखळी, मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, प्रॉपर्टी टॅक्सची पावती, महावितरणचं बिल, सोसायटीचं नो ड्यूज, जुनं लोन असेल तर बँकेचं फेडल्याचं पत्र आणि परत आलेली ओरिजिनल. एका फाइलमध्ये लावून ठेवा. काकांकडे सगळं होतं पण शेअर सर्टिफिकेटवर अजून आधीच्या मालकाचं नाव, ट्रान्सफरची नोंदच केलेली नाही, आणि कमिटीची मीटिंग कधी तर सेक्रेटरी मुलीकडे बंगलोरला गेलेत ते आल्यावर. हे काम रंगाच्या आधी सुरू करा, रंग आठ-दहा दिवसांत होतो, सेक्रेटरी होत नाही. फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना ट्रान्सफर प्रीमियम म्हणून महापालिका हद्दीत सोसायटीला २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही, "बिल्डिंग फंडाला स्वेच्छेने द्या" वगैरे सुरू झालं तर हा आकडा लक्षात असू द्या.

पार्किंगचं पण लेखी असू दे. "आम्ही कायम इथेच लावतो" याला किंमत नाही. अशा जुन्या बिल्डिंगमध्ये स्टिल्टमधलं (बिल्डिंगखालच्या खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, त्यामुळे जुन्या करारात काहीही लिहिलेलं असलं तरी सोसायटीचं अलॉटमेंटचं पत्र घेऊन ठेवा. चारचाकीची जागा पक्की असेल तर जाहिरातीत पहिल्या ओळीत ते टाका, फॉल्स सीलिंग नाही.

वेळेचं म्हणाल तर आमचं गणित असं की पावसाळ्यात ओल नीट दिसते म्हणून तेव्हा शोधायची, पितृपक्षात टोकन सहसा कोणी देत नाही म्हणून ते पंधरा दिवस फोडकामाला आणि वाळवायला, आणि दसऱ्याला घर दाखवायला तयार. फक्त पेंटर आधीच बुक करून ठेवा कारण दिवाळीच्या आधी त्यांचा फोन लागत नाही. लागला तर "ताई उद्या येतो."

शेवटचं, बिलं. दुकानदार आणि कॉन्ट्रॅक्टर दोघंही म्हणतात बिलाशिवाय घ्या स्वस्त पडेल, तसं करू नका. २३ जुलै २०२४ पासून घराच्या दीर्घकालीन नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता) १२.५ टक्के टॅक्स आहे, आणि घर त्या तारखेच्या आधी घेतलेलं असेल तर आपल्यासारख्या निवासी लोकांना इंडेक्सेशन लावून २० टक्क्यांचा जुना हिशोबही करून बघता येतो, जो कमी तो. खरेदी २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. घरात भर घालणारं काम, म्हणजे नवं प्लंबिंग, नवं वायरिंग अशा गोष्टी सुधारणेचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होऊ शकतात, नुसता रंग आणि किरकोळ दुरुस्ती सहसा नाही, पण ते सीएला ठरवू द्या, तुम्ही पक्की बिलं आणि बँकेतून केलेलं पेमेंट त्याच्यापुढे ठेवा. आणि सौदा ५० लाख किंवा त्याच्या वरचा असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापून तुमच्या पॅनवर भरतो, तो खरंच भरला का हे २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सच्या सरकारी स्टेटमेंटमध्ये बघायचं, कारण नवीन घराच्या गडबडीत कापून ठेवणारे आणि भरायचं विसरणारे भरपूर आहेत. काकांनी त्यासाठी पहिल्यांदाच इन्कम टॅक्सच्या साइटवर लॉगिन केलं, पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय.